पाचरकाकांची खुर्ची

गादीवाल्यांची बायको दुपारी त्यांना दुकानात खुर्चीला जखडून ठेवते आणि पोटभर जेवायला देत नाही, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा लाँड्रीवाल्याने आणली. त्याने म्हणे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. शटर अर्धं खाली, आतून गादीवाल्यांचं कण्हणं, "बस, बस गं, मेलो!" आणि त्यावर वहिनींचा थंड आवाज, "अजून एकदा." संध्याकाळपर्यंत बातमी चार घरं हिंडून आली तेव्हा तिला चांगले हातपाय फुटले होते. लोखंडी दांडा आला होता, कुलूप आलं होतं, शेजारच्या इमारतीत तर विजेची वायरसुद्धा पोचली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वहिनींनी फार उशीर केला."

आता खरं सांगायचं तर खुर्ची होती, दांडा होता, वायरही होती आणि जेवण अर्ध्यावर आलं होतं. पण जखडून घेणारे गादीवाले स्वतः होते, उपाशी राहणारेही तेच. वहिनी बिचाऱ्या दांड्यावर गुडघा रोवून भार टाकायच्या, तेही नवऱ्याने हात जोडले म्हणून. आणि हा सगळा खटाटोप चालला होता तो रोलर कोस्टरसाठी.

हसू नका. या वयात माणसं गुडघ्यांना तेल लावत बसतात हे सगळ्यांना माहीत आहे.

गादीवाल्यांचं दुकान सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीट यांचं. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून ते तासन्‌तास गप्पा मारू शकतात आणि एकही चूक आजवर गिळलेली नाही. आकाराने मात्र ते ऐसपैस. वडील तसेच होते, आत्या तशीच, भाऊ तसाच. घराण्याचा एकत्र फोटो काढायचा तर फोटोवाल्याला रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागायचं. बसमध्ये गादीवाले बसले की शेजारची जागा रिकामी असूनही लोक उभे राहायचे. नुसतं बघायचे आणि दांडीला लटकायचे. गादीवाले खिडकीबाहेर बघत बसायचे आणि वहिनी, पुढच्या सीटवरून, मागे वळून बघायचं टाळायच्या.

गावाबाहेरच्या पार्कातल्या जुन्या लाकडी राईडच्या सीट फाटल्या तेव्हा तिथल्या माणसाने गादीवाल्यांना बोलावलं. काम झालं. तो माणूस म्हणाला, "काका, बसून बघा की, गादी टोचते का ते." गादीवाले बसले. गाडी साखळीवरून खडखडत वर गेली, शेंड्यावर क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि मग जे झालं ते त्यांना आजतागायत नीट सांगता आलेलं नाही. घरी आले ते केस उभे, आवाज बसलेला आणि चेहरा असा की वहिनींना वाटलं, कुणीतरी गेलं.

"अहो, काय झालं?"

"अगं, मी उडालो," गादीवाले म्हणाले.

"कुठून पडलात?"

"पडलो नाही गं. उडालो. मी!"

त्यानंतर दर सुट्टीला पार्क. वहिनी बरोबर जायच्या, पण राईडवर कधी बसल्या नाहीत. "मला जमिनीवरच गरगरतं," त्या म्हणायच्या आणि खाली बाकावर बसून लोकांच्या पिशव्या, चष्मे, टोप्या सांभाळायच्या. कारण तिथे हे एकटे वेडे नव्हते. त्यांच्यासारख्यांचं मोठं टोळकं होतं, त्याला ते 'उसळी मंडळ' म्हणायचे. उतारावर गाडी अशी काही कोसळते की बसलेला माणूस सीटवरून अधांतरी उठतो, ती उसळी. या लोकांचं सगळं देणंघेणं त्या उसळीशी. कोणत्या राईडवर किती उसळी, कोणत्या वळणाला, पुढच्या डब्यात जास्त की मागच्या, यावर ते असे भांडायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, जमिनीचा वाद आहे.

जुन्या राईडचं नाव पाटीवर काहीतरी भपकेबाज होतं. मंडळ तिला 'म्हातारी' म्हणायचं. म्हातारीच्या डब्यात दोघांना मिळून एक बाकडं आणि दोघांवर मिळून एकच दांडी. दांडी खाली ओढली की ती ज्याच्या अंगाला आधी टेकेल तिथे थांबणार. आणि गादीवाले बसलेले असले की ती कुणाला आधी टेकणार हे सांगायला ज्योतिषी नको. शेजारच्या माणसाच्या मांडीपासून मात्र ती चांगली वर, एक उशी मावेल एवढ्या अंतरावर राहायची. पार्कचा नियम एवढाच होता की दांडी टेकली पाहिजे. टेकत होतीच की.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती पिसूच्या. पिसू म्हणजे कर कचेरीतला एक कारकून, काडीसारखा, चाळिशी उलटलेला, तरी सगळे त्याला पिसूच म्हणायचे. तो एकदा चुकून गादीवाल्यांच्या शेजारी बसला आणि पहिल्या उतारावर सीटपासून असा काही उठला की त्याला स्वतःचे बूट दिसले. खाली उतरल्यावर तो ओरडतच सुटला, "अरे, काका पाचर आहेत, पाचर! दांडी अडवून धरतात! यांच्या शेजारी बसा, मेल्यावर काय होतं ते कळेल!"

झालं. त्या दिवसापासून गादीवाले पाचरकाका झाले. त्यांच्या शेजारच्या जागेसाठी रांग लागायला लागली. पाळ्या ठरायच्या, पाळ्यांवरून रुसवे व्हायचे. "काका, मागच्या खेपेला नर्सबाईंना घेतलंत, आज माझी बारी." "काका, पाहुणा आणलाय लांबून, त्याला तुमच्याशेजारी बसायचंय." गादीवाले लाजायचे, रुमालाने मान पुसायचे आणि म्हणायचे, "भांडू नका रे, सगळ्यांना मिळेल." बाकावरून वहिनी हे बघायच्या. ज्या माणसाच्या शेजारी बसमध्ये कुणी बसत नाही, त्याच्या शेजारी बसायला इथे प्रौढ माणसं एकमेकांना कोपराने ढकलत होती. वहिनींना राईडमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे कळत होतं. म्हणून त्या पिशव्या सांभाळायच्या.

मग एक दिवस पार्काच्या फाटकावर फलक लागला की म्हातारीचा कायापालट होणार. लाकडी सांगाडा तसाच राहील, वरचे रूळ लोखंडी, गाडी नवी कोरी, आणि मध्ये एक उलटी गिरकी.

कँटीनमध्ये मंडळाची बैठक बसली. बैठक म्हणजे चहा आणि आरडाओरडा.

"कायापालट म्हणे! म्हातारीला कवळी बसवायची आणि नाचायला लावायचं," मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे मंडळातले सगळ्यांत जुने, गाण्याचे निवृत्त शिक्षक.

"मास्तर, म्हातारी आता मणके मोजते आपले," पिसू म्हणाला. "गेल्या खेपेनंतर माझी मान वळत नव्हती. साहेबांनी डावीकडून हाक मारली की मी सबंध खुर्ची फिरवत होतो."

"मग? तू मान वळवायला येतोस का इथे?"

"मी उसळीला येतो! आणि नव्या गाडीत उसळी जास्त आहे, आकडे आलेत सगळे."

"लाकडाचा आवाज येणार आहे का त्यात? ती कुरकूर? ती थरथर?"

"कुरकूर ऐकायची तर घरी बसा ना मास्तर, काकू आहेत की."

सगळे खिदळले. मास्तरही. मग नर्सबाईंनी नवंच खुसपट काढलं. मंडळातला प्रत्येक जण आपण आजवर किती वेगवेगळ्या राईड केल्या त्याचा हिशेब ठेवतो. प्रश्न असा पडला की कायापालट झालेली म्हातारी जुनी धरायची की नवी.

"मी तर नवी धरणार," नर्सबाई म्हणाल्या. "माझा आकडा एकाने वाढतो."

"असं कसं? सांगाडा तोच ना? उद्या तुमच्या नवऱ्याने दाढी काढली तर दुसरा नवरा मोजणार?"

"काढू तर दे आधी. कसा दिसतो बघते, मग ठरवते."

"निदान मोडत तरी नाहीयेत तिला," पिसू म्हणाला. "चिमणीचं काय झालं आठवतंय ना?"

चिमणी म्हणजे पार्कातली आणखी एक छोटी राईड. ती बंद पडली आणि भंगारात गेली. तिचा एक डबा तेवढा फाटकापाशी ठेवलाय, त्यात माती भरून फुलझाडं लावली आहेत. मास्तर आत येताना त्या डब्याला हात लावून येतात, आणि पार्काचा माळी त्यांच्यावर खेकसतो, फुलं तोडताय का म्हणून.

"कुंडी होण्यापेक्षा कवळी बरी," मास्तर शेवटी म्हणाले, पण चहा त्यांनी अर्धा तसाच टाकला.

"पाचरकाका, तुमचं काय मत?" कुणीतरी विचारलं.

गादीवाल्यांनी बशीत चहा ओतला. "माझं काय असायचंय? बसायला मिळालं म्हणजे झालं."

पुन्हा सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत, कारण येताना फाटकाशी त्यांनी ती खुर्ची पाहिली होती, आणि गादीवाल्यांनी ती पाहिल्याचंही पाहिलं होतं.

नव्या गाडीतल्या सीटचा नमुना तिथे मांडून ठेवला होता, 'आधी बसून बघा' अशी पाटी लावून. एका माणसाची एक खुर्ची. दोन्ही बाजूंना ताठ कडा, नडगीपाशी अडसर आणि ज्याची त्याला वेगळी दांडी. दांडी ठरल्या खुणेपर्यंत खाली आली तर बाजूचा हिरवा दिवा लागणार, नाही आली तर नाही. दिवा नाही तर प्रवास नाही. लोक हसत-खिदळत बसत होते, दिवा लागला की टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात एक अंगाने भरलेली बाई बसली. दांडी अडली. तिच्या बहिणीने वरून दाबली, तरी अडली. बहीण हसायला लागली, मागचे दोघे हसले. बाई उठली, "माझा गुडघा दुखतोय मेला," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली आणि ज्या दिशेने जायचं नव्हतं त्या दिशेने भराभर चालत गेली.

गादीवाले तिच्याकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मग खिशातून टेप काढून ते खुर्चीची मापं घ्यायला लागले.

"काय काका, शिवायला घेताय?" पहारेकऱ्याने विचारलं.

"शिलाई बघून ठेवतो. फाटली की मलाच बोलावणार आहात."

"अहो, बसून बघा ना एकदा," वहिनी कुजबुजल्या. "कोण बघतंय इथे?"

"सगळे बघतायत," गादीवाले टेप गुंडाळत म्हणाले. "घरी बघू."

म्हातारीच्या शेवटच्या दिवशी गर्दी लोटली. गादीवाल्यांच्या शेजारी शेवटच्या फेरीला मास्तर बसले, बाकी सगळ्यांनी मोठ्या मनाने त्यांना ती जागा दिली. फेरी संपली तरी मास्तर उठेनात. त्यांना दोघांनी धरून उतरवलं. पिसूने गादीवाल्यांना मिठी मारली, म्हणजे हात पुरले तिथपर्यंत मारली, आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारखी पाचर पुन्हा होणे नाही." वहिनींना वाटलं, फोटोला हार घालताना बोलतात तसं हा बोलतोय. गादीवाल्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. डोळे पुसून झाल्यावर पिसूने लगेच नर्सबाईंना विचारलं, नव्या गाडीत पहिली रांग धरायची का मागची.

राईडचं काम सुरू झालं तसं इकडे दुकानातही झालं. मागच्या खोलीत, फोमच्या थप्प्यांमध्ये, गादीवाल्यांनी प्लायवूडची खुर्ची ठोकली. भंगारवाल्याकडून लोखंडी दांडी आणली, बिजागरी बसवली, खूण केली, दिव्यासाठी वायर ओढली. हुबेहूब. जेवणातून आधी भात गेला, मग गोड गेलं, मग रात्रीचं जेवणच गेलं. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना शटर अर्धं ओढून तालीम. "दाब," ते म्हणायचे. वहिनी दाबायच्या. "अजून." त्या गुडघा रोवायच्या. "बस, बस गं, मेलो!" आणि लगेच, "कुठवर आली?" असा तो प्रकार. लाँड्रीवाल्याने ऐकलेला.

खुर्चीची रेक्झिनची खोळ शिवायचं काम वहिनींचं. दुकानातली सगळी शिलाई त्यांचीच असते. गादीवाल्यांनी फाटकाशी घेतलेली मापं तोंडपाठ म्हणून दाखवली, वहिनींनी त्याबरहुकूम कापड बेतलं, शिवलं आणि चढवायला गेल्या तर खोळ अपुरी पडली. पार अपुरी. कडेपर्यंत पोचेचना.

"कात्री चुकली तुझी," गादीवाले बाहेरून म्हणाले आणि चहाला गेले.

वहिनींची कात्री लग्न झाल्यापासून चुकलेली नव्हती. त्यांनी टेप घेतला, खुर्चीला लावला आणि तिथेच खाली बसल्या.

गादीवाल्यांच्या हाताला एक सवय आहे. माप घेतात ते केसाइतकं अचूक, पण फळी कापायला लागले की हात आपोआप प्रत्येक कडेला दोन बोटं जास्त सोडतो. ते मुद्दाम करत नाहीत, त्यांना कळतही नाही. "खुर्चीत माणूस बसतो, पुतळा बसत नाही. बसला की पसरतो," हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येक कामगाराला सांगितलंय. सोफा पूर्ण झाला की बसलेल्या गिऱ्हाइकाच्या कुशीशी दोन बोटं घालून बघतात. सहज गेली तरच माल दुकानाबाहेर. या दोन बोटांवर दुकान उभं आहे. आणि स्वतःच्या परीक्षेची खुर्चीही त्यांनी त्याच हातांनी, तितकीच ऐसपैस बनवली होती. दांडीची खूणसुद्धा दोन बोटं वर.

उद्या सांगू, असं वहिनींनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी गादीवाले दुपारचं अर्धं ताट सरकवून उठले आणि शीळ घालत कामाला लागले. शीळ! मग परवावर गेलं. मग वहिनींना वाटलं, न सांगता सुधारता आलं तर बरं. त्यांनी एका सकाळी खोळीची टीप उसवून दोन्ही कडांना फोमची जाड पट्टी आतून सरकवली आणि पुन्हा शिवून टाकली. त्या दुपारी दांडी आदल्या दिवशीपेक्षा बरीच वर अडली. संध्याकाळी गादीवाल्यांनी चहाही नाकारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सोफ्याला चुका ठोकता ठोकता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते भिंतीला टेकून खाली बसले.

"वाढतोय गं मी," ते म्हणाले. "काही खात नाही तरी वाढतोय. हवेवर वाढतोय."

वहिनींनी त्यांना साखरपाणी दिलं, घरी पाठवलं आणि फोमच्या पट्ट्या काढून टाकल्या.

पुढे एक दिवस दांडी खुणेला लागली आणि हिरवा दिवा पेटला. गादीवाले खुर्चीत बसूनच ओरडले. लाँड्रीवाला धावत आला आणि शटरखाली डोकं घालून बघतो तो आत नवरा-बायको सुखरूप, आणि नवरा दांड्याखालून दोन्ही हात वर करून बसलेला. तेव्हा कुठे गल्लीला खरी हकीकत कळली. गादीवाल्यांनी सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं, स्वतः चमचाही चाटला नाही. मग पिसूला फोन लावला. "अरे, पाचर निघाली! आता मी साधा प्रवासी. आता मी पण उडणार, आणि माझ्या जागेवर माझा मी!" पलीकडून पिसू काय म्हणाला कोण जाणे, गादीवाले मोठ्याने हसत होते. वहिनी घरात गेल्या आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

उद्घाटनाआधी एक दिवस खास मंडळासाठी ठेवला होता. त्या सकाळी वहिनींनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"अहो, मी काय म्हणते, आज नुसतं बघून येऊ. बसायचं पुढच्या वेळी. गर्दी असेल."

"मंडळाची गर्दी ती गर्दी का? आपलीच माणसं."

"म्हणूनच म्हणते."

"तू घाबरू नकोस," गादीवाले केस विंचरत म्हणाले. "घरची तालीम झालीय आपली."

ते इतके नीटनेटके दिसत होते, शर्ट इतका सैल झाला होता आणि तो सैल झाल्याचा त्यांना इतका अभिमान होता, की वहिनींनी पायात चपला सरकवल्या आणि कुलूप लावलं.

नवी राईड देखणी होती, नाही म्हणायला जागाच नव्हती. जुनं काळपट लाकूड खाली आणि वर झगझगीत लाल रूळ. मास्तर खाली उभे राहून मान वर करून बघत होते. "आवाज येत नाही," ते वहिनींना म्हणाले. "गाडी वर जाऊन आली तरी कळत नाही." तरी पहिल्या फेरीच्या रांगेत ते होतेच. फलाटाच्या कुंपणाशी वहिनींना उभं राहायला जागा मिळाली. खांद्यावर, कोपरावर, गळ्यात सगळ्या मंडळाच्या पिशव्या.

गाडी आली. ज्याला जी मिळेल ती खुर्ची त्याने पकडली. कुणाशेजारी बसायचं यावरून भांडण झालं नाही, कुणी पाळी विचारली नाही. गादीवाल्यांच्या शेजारच्या खुर्चीत पिसू आपोआप आला. तो स्वतःची दांडी ओढून, स्वतःचा दिवा बघून, पुढच्या उताराकडे डोळे लावून बसला.

एकेक दिवा लागत गेला. गादीवाल्यांचा नाही.

राईडवरची मुलगी आली, हसून म्हणाली, "मी मदत करते हं," आणि तिने दांडी दाबली. दिवा नाही. तिने दुसऱ्या एकाला बोलावलं. दोघांनी मिळून भार टाकला. गादीवाले हसत होते. "जोर लावा, लाजू नका. घरी बायको एकटी लावते." दोघांनी पुन्हा जोर लावला. मागच्या डब्यातून कुणीतरी, चांगल्या मनानेच, टाळ्या वाजवायला लागलं, तसे सगळेच वाजवायला लागले. वहिनींना वाटलं, या टाळ्या थांबवता आल्या तर खांद्यावरच्या सगळ्या पिशव्या आपण जन्मभर वाहू.

मग त्यांना दिसलं, गादीवाल्यांचा उजवा हात कुशीशी गेला. दोन बोटं. सोफा तपासताना घालतात तशी, खुर्चीची कड आणि स्वतःची मांडी यांच्यामध्ये. बोटं आत गेली नाहीत. त्यांनी डावीकडे घालून बघितली. तिथेही नाही. हात तसाच राहिला. क्षणभर ते समोर बघत होते, आणि मग सावकाश मान वळवून त्यांनी कुंपणाकडे बघितलं, थेट वहिनींकडे. वहिनींनी घाईघाईने खाली बघितलं आणि कुणाच्यातरी पिशवीची उघडी नसलेली चेन लावायला घेतली.

त्या चेनवरून बोट फिरवत असतानाच वहिनींना कळलं की गादीवाल्यांना कळलंय. खोळ का अपुरी पडली, ते तीन दिवस दांडी का वर अडली, सकाळी 'पुढच्या वेळी' का म्हणाल्या, सगळं. वहिनींनी वर बघायचा धीर केला. गादीवाले रागावलेले दिसत नव्हते. ते त्यांच्याकडे बघून मान हलवत होते, हळूच, नको रडू अशी.

लाऊडस्पीकरवरून आवाज आला की थोड्याच वेळात फेरी सुरू होईल, कृपया सहकार्य करावं. टाळ्या विरल्या. पुढच्या डब्यातले लोक वळून वळून बघायला लागले. नर्सबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना, काकांना त्रास नका देऊ," आणि ते जास्तच वाईट झालं. राईडवरची मुलगी आता हसत नव्हती. दांडी उचलावी की काय ते न कळून तिने नुसता तिच्यावर हात ठेवला होता. गाडी साखळीला लागायला अडून राहिली होती.

पिसूला राहवेना. त्याने खुर्चीतल्या खुर्चीत वळायचा प्रयत्न केला, वळता येईना, म्हणून समोर बघतच तो ओरडला, "काका, सगळे खोळंबलेत हो! पोट आत घ्या ना जरा!"

गादीवाले म्हणाले, "आत जागा असती तर बाहेर कशाला ठेवलं असतं रे?"